खडे मीठ, लोणार आणि मंगळ: मीठप्रेमी जीव वाढवताना नेमकं कुठे चुकतं?

खारफुटी

मंडळी, बीएस्सीच्या प्रकल्पासाठी मदत हवी आहे. विषय: मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या खाऱ्या थेंबांतले जीव. मंगळाच्या दक्षिण गोलार्धात क्लोराइडचे साठे दिसले आहेत, त्यामुळे प्रश्न तसा जिव्हाळ्याचा. लोणार अभयारण्य असल्याने तिथला नमुना वनखात्याच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. तोवर उरणच्या मिठागरातलं न धुतलेलं खडे मीठ घेतलं आहे.

कृती अशी: १ ग्रॅम मीठ १० मिली सलाइनमध्ये (०.८५ टक्के) विरघळवलं, त्याच सलाइनमध्ये दहापट-दहापट विरल करत गेलो, न्यूट्रियंट अगारमध्ये (जीवाणू वाढवायची पोषक जेली) ३ टक्के मीठ घालून प्लेटा केल्या, ३७ अंशांवर ४८ तास. पांढऱ्या-पिवळट वसाहती भरपूर, गुलाबी एकही नाही.

प्रश्न: १) चूक कुठे? २) गुलाबी रंग दिसला म्हणजे हॅलोआर्किया (जीवाणूंहून वेगळे, तीव्र मिठात जगणारे एकपेशी जीव), असं लिहून चालेल का? ३) यावरून मंगळाबद्दल काही बोलता येतं का, की नुसतीच प्रस्तावनेतली सजावट?

अगारवाली

पहिल्याच पायरीला तुम्ही त्यांना मारून टाकलंत. :-)

हॅलोआर्किया बाहेरच्या मिठाचा दाब तोलण्यासाठी पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात. त्यांची प्रथिनं त्या खारटपणातच घडी धरतात. बहुतेकांची पेशीभित्ती म्हणजे प्रथिनांचा एक पातळ थर, आणि तोही मिठावरच उभा. मीठ १० टक्क्यांच्या खाली गेलं की पेशी फुगून फुटते. तुमच्या पहिल्या नळीत १ ग्रॅम मिठामुळे जेमतेम ११ टक्के होतं, दुसऱ्या नळीत २ टक्क्यांच्या खाली. पुढच्या नळ्यांत जे उरलं ते बॅसिलससारखे बीजाणू करणारे जीवाणू. ३ टक्क्यांच्या अगारवर त्यांचंच राज्य, आणि ४८ तासांत वर आलं यात नवल नाही.

उदासीन पीएचच्या मिठागरी नमुन्यासाठी माध्यम (१ लिटर):

सोडियम क्लोराइड २५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट ३ ग्रॅम, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं, म्हणजे जीवांचं खाद्य) १० ग्रॅम. पीएच ७.२ ते ७.४. प्लेटांसाठी अगार २० ग्रॅम.

पेप्टोन कुठलंही उचलू नका. काही पेप्टोनांत पित्तक्षारांचे अंश असतात आणि हॅलोआर्किया तेवढ्यानेही फुटतात. माध्यम बिनचूक, नमुना जिवंत, तरी वाढ शून्य असेल तर आधी पेप्टोनवर संशय घ्या. ऑक्सॉइड कंपनीचं बॅक्टेरिऑलॉजिकल पेप्टोन यासाठी नेहमी सुचवलं जातं ते याच कारणाने. तेही नसेल तर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅमवर भागवा.

विरलीकरण फक्त निर्जंतुक २० टक्के मिठाच्या पाण्यात. ५ ग्रॅम खडे मीठ थेट १०० मिली द्रव माध्यमात टाकलं तरी चालतं.

हवा: इतक्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्याच्या मानाने फारच कमी विरघळतो, म्हणून ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिलीपेक्षा जास्त भरू नका. ३७ ते ४० अंश, शेकर मिनिटाला १२० ते १५० फेरे.

आणि धीर धरा. पहिला गुलाबी ठिपका ७ दिवसांनी आला तरी नशीब म्हणा, ३ आठवडे सहज लागतात. तेवढ्या काळात प्लेट सुकून तिच्यावर मिठाची फुलं येतात आणि हौशी मंडळी त्यालाच वसाहत म्हणून मोजतात. प्लेटा उलट्या करून, ओल्या टिश्यूसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. फ्लास्कवर पहिल्या दिवशीच पातळीची खूण करा. जेवढं पाणी उडेल तेवढं निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला, माध्यम नको, नाहीतर मीठ चढत जाईल.

उपद्व्यापी

वाचनखूण साठवली आहे. ते विकतचं आयोडीनयुक्त बारीक मीठ वापरून बघितलं तर?

अगारवाली

@उपद्व्यापी, ते धुतलेलं, वाळवलेलं आणि दळलेलं असतं. स्फटिक फुटला की आतले थेंबही गेले. तुलनेसाठी एक फ्लास्क ठेवायला हरकत नाही, पण आशा खडे मिठाकडूनच.

शून्यनमुना

अगारताईंनी वाढवायचं कसं ते सांगितलं. मी विघ्नसंतोषी भाग सांगतो: जे वाढलं ते स्फटिकाच्या आतलंच होतं, हे सिद्ध कसं करणार?

मिठाच्या खड्याच्या बाहेरच्या अंगावर आगरातला चिखल, हवेतली धूळ, गोणपाट, हमालाचे हात, सगळं असतं. तुमचा विषय थेंबातला जीव असेल तर बाहेरचं आधी मारायला हवं, आणि पाण्याने धुवायला गेलात तर खडाच विरघळतो. म्हणून प्रत्येक द्रावण संतृप्त मिठाच्या पाण्यात बनवायचं:

आरपार दिसणारा, भेगा नसलेला, ५ ते १० मिमीचा खडा निवडा. भेगेतून बाहेरचं आत जातं, म्हणून भिंगाखाली बघितल्याशिवाय खडा घेऊ नका. संतृप्त मिठाच्या पाण्यात केलेल्या हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीच) काही मिनिटं बुडवा, मग निर्जंतुक संतृप्त पाण्याच्या तीन आंघोळी. तिसऱ्या आंघोळीचं १०० मायक्रोलिटर पाणी प्लेटवर पसरा आणि धुतलेला खडा दुसऱ्या एका प्लेटवर लोळवा. या दोन्ही प्लेटा शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या, तरच आतल्या जीवाबद्दल बोलायचं. क्लोरीन उरलं तर आतलेही मरतील, म्हणून आंघोळीत कंजूषी नको.

शिवाय प्रत्येक खेपेला तीन कोरे नमुने: नुसतं माध्यम, माध्यम अधिक विरलीकरणाचं पाणी, आणि माध्यम अधिक भट्टीत भाजलेलं मीठ. भाजायचं मीठ मफल भट्टीत ४५० अंशांवर ४ तास. भांड्यावर झाकण हवंच, कारण आतल्या थेंबांची वाफ होऊन खडे मोहरीसारखे तडतडतात आणि भट्टीभर उडतात. हे तडतडणं हाच आत पाणी असल्याचा सगळ्यात स्वस्त पुरावा.

एवढी कटकट का? २००० साली न्यू मेक्सिकोतल्या सुमारे २५ कोटी वर्षं जुन्या मिठातून जिवंत बॅसिलस वाढवल्याचा दावा 'नेचर'मध्ये आला. निर्जंतुकीकरण तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीने, अगदी कसोशीने केलेलं. तरी पुढच्याच वर्षी जनुकीय तुलना करणाऱ्यांनी दाखवून दिलं की त्याचा १६एस क्रम (जीवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा) आजच्या एका मृत समुद्रातल्या जीवाणूशी जवळजवळ जुळतो, २५ कोटी वर्षांचा फरक कुठे दिसतच नाही. मीठ जुनं असेलही, पण आतला थेंब मधल्या काळात मीठ विरघळून पुन्हा गोठताना आला नसेल कशावरून? तो वाद अजून मिटलेला नाही.

खारफुटी

धन्यवाद! कोऱ्या नमुन्यांचा खर्च तिप्पट होतोय, पण पटलं. रंगाचं काय?

अगारवाली

रंगावर एकट्याने विसंबू नका. हॅलोआर्कियांचा लाल रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिनचा, म्हणजे ५० कार्बनांचं कॅरोटिनॉइड. पण मिठागरात सॅलिनिबॅक्टर रुबर नावाचा खराखुरा जीवाणूही लाल असतो, आणि तोही भरपूर मीठ मागतो. ड्युनालिएला नावाचं शैवाल बीटा कॅरोटीनमुळे केशरी होतं. कमी मिठाच्या प्लेटवर तर लाल यीस्टसुद्धा येतं.

स्वस्तात करता येणाऱ्या चाचण्या:

वसाहत काडीने उचलून डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबात घोळवा. हॅलोआर्किया फुटून द्रव पारदर्शक आणि चिकट होतो, काडीला डीएनएची तार येते. अपवाद: हॅलोकोकसची भित्ती जाड असते, तो फुटत नाही.

उदासीन माध्यमात लिटरला १०० मिग्रॅ अँपिसिलिन. आर्कियांना पेप्टिडोग्लायकन (जीवाणूंच्या भित्तीतला पदार्थ, ज्यावर हे औषध घाव घालतं) नसल्याने फरक पडत नाही, सॅलिनिबॅक्टरसारखे जीवाणू अडतात.

रंगद्रव्य मिथेनॉलमध्ये काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर बघा. बॅक्टेरिओरुबेरिनला ४७०, ४९५ आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपास तीन बोटांसारखे उंचवटे येतात. बीटा कॅरोटीन ५३० ला हजेरी लावत नाही.

ग्रॅम स्टेन नेहमीसारखा केलात तर पाण्याने धुताना सगळं वाहून जाईल. स्मिअर वाळवून आधी २ टक्के ॲसिटिक आम्लात ५ मिनिटं बसवा, मग रंगवा.

दगडफोड्या

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा फॉरवर्डांचा पूर आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्कियांकडे बोट दाखवलं. बाटली ठेवून दिल्यावर गुलाबी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ राहिलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, जीवांचा होता. पाऊस पडून पाणी विरल झालं तसा रंगही गेला.

पण लोणारसाठी अगारताईंचं वरचं माध्यम चालणार नाही. ते मिठागरी आहे, आणि लोणारचा पीएच १० च्या आसपास असतो. तिथे सोडा (सोडियम कार्बोनेट) आहे. लोणारचा खार साबण नि काचेसाठी शतकानुशतकं काढला गेला, तो याच सोड्यासाठी.

अगारवाली

बरोबर. अल्कलीप्रेमींसाठी वेगळी पाककृती. दर लिटरला: सोडियम क्लोराइड २०० ग्रॅम, सोडियम कार्बोनेट १८.५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, कॅसअमिनो आम्लं ७.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट ३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट फक्त १ ग्रॅम, शिवाय लोह आणि मँगनीजचा अंश.

इथे चार ठिकाणी लोक आपटतात.

सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं) की साखर-अमिनो आम्लांची अभिक्रिया होऊन माध्यम काळ्या चहासारखं होतं, आणि पीएच १० ला अगारची साखळी तुटून प्लेट जमतच नाही. कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करायचं.

वेगळं करताना सगळं २०० ग्रॅम मीठ अर्ध्या लिटरच्या भागात कोंबू नका, ते विरघळतच नाही. १०० ग्रॅम मीठ अधिक कार्बोनेट अर्ध्या लिटरमध्ये, उरलेलं १०० ग्रॅम मीठ, सेंद्रिय घटक, मॅग्नेशियम आणि अगार दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही ६०-६५ अंशांवर आल्यावर मिसळून लगेच ओता. खारट अगार साध्यापेक्षा लवकर धरतं.

मिसळल्यावर हलका पांढुरका गढूळपणा येतो. तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा साका. मागे एका धाग्यात कुणीतरी त्यालाच "दुसऱ्या दिवशी वाढ" म्हटलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय वाढ म्हणायचं नाही, आणि ओली काचपट्टी त्याच माध्यमात करायची, पाण्यात नाही.

अँपिसिलिन इथे विसरा. त्याच्या रेणूतली बीटा-लॅक्टमची कडी अल्कलीत उघडते, दिवस-दोन दिवसांत औषधाचं नुसतं नाव उरतं.

शून्यनमुना

पीएच मोजण्याबद्दल. नेहमीचा काचेचा इलेक्ट्रोड एवढ्या सोडियममध्ये आणि १० च्या वर सोडियमलाच हायड्रोजन समजायला लागतो आणि पीएच खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो. कॅलिब्रेशन ७ आणि १० च्या बफरनी करा, ४ आणि ७ नी नव्हे. १० चं बफर उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन उतरतं, ताजं घ्या.

खारटपणाही रिफ्रॅक्टोमीटरवर नुसता बघून लिहू नका, त्याच्या पट्ट्या साध्या मिठासाठी आखलेल्या असतात. पाणी आटवून वजन करत असाल तर सोड्याच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होतं. शुद्ध खायच्या सोड्याचं वजन तसं केल्यावर ३७ टक्के घटतं. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे लोणारचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा दरवेळी तळंच बदललेलं असतं असं नाही.

दगडफोड्या

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, जो धाग्यात सगळ्यात कमी चर्चिला गेलाय.

लोणारला "भारतातला मंगळ" म्हणण्याची फॅशन आहे. त्यातला खरा भाग असा: दख्खनच्या बसाल्टवर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किमी व्यासाचं हे विवर आहे. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बसाल्टच. आघाताने बसाल्टमधल्या फेल्डस्पारचं काचेत रूपांतर कसं होतं, त्या भेगांतून पाणी फिरून चिकणमाती कशी बनते, हे अभ्यासायला पृथ्वीवर अशी जागा क्वचितच मिळते. वयावर मात्र वाद आहे: थर्मोल्युमिनिसन्सने सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार. कुठल्या पद्धतीचं ते न सांगता आकडा लिहू नका.

पण पाण्याची गोष्ट वेगळी. पर्सिव्हरन्स यान मंगळावरच्या ज्या जेझेरो विवरात २०२१ साली उतरलं ते ४५ किमीचं, आणि तिथली कार्बोनेटं मुख्यतः मॅग्नेशियमची, ऑलिव्हिनशी निगडित. लोणार सोडियमचं. तेव्हा दगडासाठी लोणार मंगळाचं, पाण्यासाठी नाही.

पाण्यासाठी शनीचा चंद्र एन्सेलाडस बघा. कॅसिनी यानाने त्याच्या फवाऱ्यातल्या बर्फकणांत सोडियमचे क्लोराइड आणि कार्बोनेट मोजले, समुद्र अल्कधर्मी आहे. २०२३ मध्ये त्याच माहितीतून फॉस्फेटही सापडलं, आपल्या समुद्राच्या शंभरपट किंवा जास्त. कारण सोड्याच्या तळ्यासारखंच: कार्बोनेट कॅल्शियमला पकडून खाली बसवतं, मग फॉस्फेटला अडकवायला कॅल्शियम उरत नाही, ते पाण्यात साठतं. बेन्नू लघुग्रहाच्या आणलेल्या मातीतही ट्रोना, म्हणजे सोड्याचंच खनिज, निघालं आहे.

खारफुटी

म्हणजे मी हॅलोआर्किया वाढवून एन्सेलाडसबद्दल लिहू?

दगडफोड्या

नको! एन्सेलाडसचा समुद्र साधारण आपल्या समुद्राएवढा किंवा त्याहून कमी खारट. तिथे सूर्य नाही, ऑक्सिजन नाही. गुलाबी हॅलोआर्किया तिथे अगदीच उपरे. तिथल्यासाठी लोणारच्या गाळातले मिथेन बनवणारे आर्किया जास्त जवळचे, आणि लोणारमध्ये ते आहेत. दुर्दैवाने ते गुलाबी नसतात, म्हणून त्यांचे फोटो फिरत नाहीत.

अगारवाली

परवानगी मिळाल्यावर ते करायचं असेल तर: १२० मिलीची सीरम बाटली, ५० मिली माध्यम, जाड ब्युटाइल रबराचं बूच, रेझाझुरिन लिटरला १ मिग्रॅ. रेझाझुरिनचा गुलाबी जाऊन द्रव रंगहीन झाला की ऑक्सिजन गेला. खाद्य म्हणून मिथेनॉल किंवा ट्रायमिथिलअमाइन, २० मिलिमोलर. वरची हवा फक्त नायट्रोजनची ठेवा. हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइडचं पुस्तकी ८०:२० मिश्रण भरलंत तर पीएच १० चं माध्यम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, पीएच घसरतो आणि बाटलीत निर्वात होऊन सुई टोचताच बाहेरची हवा आत ओढली जाते. मग मिथेन का नाही म्हणून महिनाभर डोकं खाजवत बसायचं.

उपद्व्यापी

फॉस्फेट मोजायला आमच्याकडे मॉलिब्डेनम निळ्याची पद्धत आहे. सोड्याच्या पाण्यावर चालेल?

शून्यनमुना

चालेल, पण आधी नमुना आम्लाने उदासीन करा. नाहीतर अभिकर्मकातलं आम्ल सोडाच खातो आणि रंग येत नाही. आम्ल थेंबाथेंबाने घाला, फसफसून अर्धा नमुना टेबलावर येतो. सिलिकेट अडथळा आणतं, आणि आर्सेनेटही फॉस्फेटसारखाच निळा रंग देतं.

आर्सेनेटवरून: २०१० साली कॅलिफोर्नियातल्या मोनो या सोड्याच्याच तळ्यातला जीवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगतो असा दावा झाला. "फॉस्फेटविरहित" माध्यमात अशुद्धी म्हणून सुमारे ३ मायक्रोमोलर फॉस्फेट होतं, त्या जीवाणूला तेवढं पुरत होतं. २०१२ मध्ये दोन गटांनी दावा खोडला आणि २०२५ मध्ये 'सायन्स'ने तो निबंध मागे घेतला. कोऱ्या नमुन्याचा खर्च तिप्पट वाटतो ना, खारफुटी?

दगडफोड्या

मंगळाबद्दल तुमच्या प्रयोगात बसेल असं एकच वाक्य सुचवतो. २००८ मध्ये फीनिक्स यानाने तिथल्या मातीत परक्लोरेट (क्लोरीन-ऑक्सिजनचे क्षार) मोजलं, वजनाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. १९७६ च्या व्हायकिंग यानांनी मंगळाची माती तापवली तेव्हा फक्त क्लोरीनयुक्त मिथेन दिसलं होतं आणि ते सफाईच्या द्रावणातलं समजलं गेलं. तापवल्यावर परक्लोरेट सेंद्रिय पदार्थ जाळतं हे कळल्यावर तो निकाल पुन्हा वाचावा लागला. तुमच्या माध्यमात सोडियम परक्लोरेट ०, ०.१, ०.२ आणि ०.४ मोलर अशा चार पायऱ्या करा आणि वाढ मोजा. काही हॅलोआर्किया ०.४ मोलरपर्यंत तग धरतात.

खबरदारी: माध्यमात पोटॅशियम आहे, आणि पोटॅशियम परक्लोरेट कमी विरघळतं. फ्लास्क फ्रिजमध्ये ठेवला तर तळाशी पांढरे कण दिसतील. आणि वाळलेलं परक्लोरेट सेंद्रिय पदार्थासोबत तापवू नका. व्हायकिंगचा प्रयोग ओव्हनमध्ये नको.

खारफुटी

यादी केली: ३ कोरे, ४ परक्लोरेट पायऱ्या, प्रत्येकी ३ फ्लास्क, २१ दिवस. मॅग्नेशियम सल्फेट मात्र आमच्याकडे निर्जल आहे. तेच २० ग्रॅम घेऊ ना?

अगारवाली

नाही, माझीच चूक, लिहायला हवं होतं. दोन्ही पाककृतींतले आकडे सात पाण्याच्या स्फटिकांचे आहेत. निर्जल असेल तर २० ऐवजी ९.८ ग्रॅम, आणि लोणारच्या माध्यमात १ ऐवजी ०.४९. निर्जल पूड पाण्यात पडताच गरम होते आणि गोळा धरते, ढवळत ढवळत थोडी थोडी घाला.